अक्षराआधी बोल: गोव्यातल्या नव्या पालकांसाठी आणि पहिलीच्या नव्या बाईंसाठी

पहिलीच्या वर्गात एक मुलगा वाचत होता. चित्राखाली शब्द होता 'घोडा'. त्याने शब्दावर बोट ठेवलं, ओठ हलवले आणि मोठ्याने म्हणाला, "घोडो." शाळेत नव्यानेच रुजू झालेल्या बाईंनी वहीत फुली मारली. मी मागच्या बाकावर बसून त्यांचा तास पाहत होते. तास सुटल्यावर मी त्यांना विचारलं, त्याला 'घो' वाचता आलं ना? आलं. 'ड' ओळखला ना? ओळखला. कुठला प्राणी ते कळलं ना? कळलं. त्याची आजी घोड्याला घोडोच म्हणते. वाचता वाचता अर्थ आधी तोंडाशी आला आणि तो घरच्या शब्दात बाहेर पडला. या मुलाचं वाचन रुळावर आहे. त्याला फक्त एवढं दाखवायचं की बघ, इथे ओकार नाही, काना आहे. पुस्तकात याला घोडा म्हणतात.

त्याच आठवड्यात तिसरीतल्या एका मुलीने मला अख्खा धडा न अडखळता वाचून दाखवला. आरती म्हणावी तसा, एका सुरात. मी विचारलं, "गावातली विहीर का आटली गं?" तिने पुस्तकात पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा, जरा मोठ्या आवाजात वाचली. अक्षरं सगळी येत होती. 'आटली' म्हणजे काय, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

शाळेच्या नोंदीत या दोघांपुढेही 'वाचन कच्चे' असा एकच शेरा होता. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. मूल पुस्तक डोळ्यांनी वाचतं, पण समजून घेतं ते आधीच्या पाच-सहा वर्षांत कानांनी आणि तोंडाने कमावलेल्या भाषेवर. ती पुंजी कमी असेल तर बाराखडी कितीही घोटून घेतली तरी वाचन पुढे सरकत नाही. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली हे गुणाकाराच्या रूपात मांडलं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता म्हणजे समजून वाचणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असेल तर दुसरं कितीही मोठं असलं तरी उत्तर शून्यच येतं.

मी बावीस वर्षं, आधी सत्तरी आणि आता डिचोली तालुक्यात, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आहे. खालच्या पायऱ्या तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. क्रम साधारण पाळावा, पण एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय दुसरीवर जायचंच नाही असं करू नका. मुलं तशी वाढत नाहीत.

पायरी १: आधी कान तपासा

हे सर्वांत आधी, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. गोव्याच्या पावसाळ्यात लहान मुलांची सर्दी महिनोन्महिने हटत नाही. सर्दीबरोबर कानाच्या पडद्यामागे द्रव साठतो. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मुलाला ऐकू येतं, पण कान पाण्याखाली असल्यासारखं. 'त' आणि 'थ', 'प' आणि 'फ', शब्दाच्या शेवटचा 'स' हे बारकावे निसटतात. तेच बारकावे पुढे अक्षर म्हणून समोर येतात.

मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, मागून हाक मारली तर वळत नाही, "कितें?" "कितें?" (काय? काय?) असं सारखं विचारतं, वर्गात दुसऱ्यांकडे बघून मग तसं करतं. यातलं काही दिसलं तर ते 'दुर्लक्षी' आहे असा शिक्का मारण्याआधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. पथक येतं तेव्हा तुमची शंका त्यांना तोंडाने सांगा, रांगेतून मूल पुढे गेलं म्हणजे झालं असं समजू नका. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथेही नेता येतं.

पायरी २: कोणत्या भाषेत बोलायचं, हे आधी ठरवा

नव्या पालकांचा मला सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच असतो. "बाई, घरी कोकणी बोलतो, शाळा मराठी आहे, पुढे सगळं इंग्लिश. मग आतापासून घरी काय बोलू?"

माझं उत्तर ठाम आहे. तुम्ही ज्या भाषेत रागावता, लाड करता, देवाला गाऱ्हाणं घालता, त्याच भाषेत मुलाशी बोला. त्या भाषेत तुमच्याकडे हजारो शब्द आहेत, म्हणी आहेत, वाक्याला वळणं आहेत. तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायला गेलात तर "कम", "ईट", "नो" एवढ्यावर संसार चालतो आणि मुलाच्या वाट्याला तेवढेच शब्द येतात. 'का' आणि 'कसं' यांची उत्तरं द्यायला, एखादी गोष्ट रंगवून सांगायला जी भाषा लागते, ती एका भाषेत पक्की झाली की दुसरीत उतरते. कारण सांगणं, क्रम लावणं, न सांगितलेलं ओळखणं हे मुलाला दर भाषेत नव्याने शिकावं लागत नाही.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीलाही जागा मिळाली. त्या काळातला कोकणी की मराठी हा वाद मोठ्या माणसांचा. आमच्या मुलांच्या तोंडात दोन्ही भाषा सुखाने नांदतात: घरात कोकणी, देवळातल्या भजनात आणि आरतीत मराठी, जत्रेच्या नाटकात मराठी, अंगणात दोन्हींची मिसळ. दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात, म्हणजे अक्षरं एकदाच शिकायची. ही आपल्या मुलांची श्रीमंती आहे आणि शाळेने ती वापरली पाहिजे.

ती वापरायची कशी? शब्दांच्या जोड्या उघडपणे सांगून. पाणी आणि उदक. कुत्रा आणि सुणो. डोळा आणि दोळो. खिडकी आणि जनेल. "आमी घरा उदक म्हणटात, पुस्तकांत पाणी म्हणटात" असं एक वाक्य सांगितलं की मुलाला दोन्ही शब्द मिळतात. "उदक नाही, पाणी म्हण" असं दटावलं की एक शब्द मिळतो आणि तोंड मिटतं. मिटलेलं तोंड पुन्हा उघडायला मला कधीकधी सहा-सहा महिने लागले आहेत. पेडण्याची बोली वेगळी, काणकोणची वेगळी, तेव्हा नव्या बाईंनी गावात आल्यावर पहिल्या आठवड्यात आज्यांशी बोलून आपली स्वतःची यादी करावी. वर्गात कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या कामगारांची मुलं असतील तर त्यांच्या आईकडूनही वीसेक शब्द लिहून घ्या. त्या मुलांना हाच न्याय लागू आहे.

पायरी ३: शब्द वाढवा, पण यादीने नव्हे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळीच्या रांगेत एक आई आणि तिची चार वर्षांची मुलगी माझ्या पुढे उभ्या होत्या. मुलीने बोट दाखवून विचारलं, "आई, हें कितें?"

"बांगडो."

बहुतेक वेळा संवाद इथे संपतो. ही आई थांबली नाही. "पळय, दोळे कशे चकचकतात. ताजो आसा. काल हाडिल्लो तसो न्हय."

"कालचो कसो आशिल्लो?"

"मोव पडिल्लो. बोट लायल्यार भितर वतालें."

मुलीने लगेच बोट लावून पाहिलं. अर्ध्या मिनिटात तिला चकचकणं, ताजं, मऊ पडलेलं आणि काल-आजची तुलना एवढं सगळं मिळालं, तेही हाताला लागलेल्या वासासकट. हा शब्द ती विसरणार नाही. उद्या पुस्तकात 'ताजी मासळी' असं आलं तर ते तिच्यासाठी नुसती अक्षरं नसतील.

करायचं एवढंच: मूल जे दाखवतं त्याचं नाव सांगा आणि त्यावर आणखी एक वाक्य चढवा. ते कसं आहे, कशापासून आहे, त्याचं काय करतात, कालच्यासारखं आहे की वेगळं. मग गप्प राहा. मनात पाच आकडे मोजा. मुलांना शब्द जुळवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि आपण त्यांना तो देत नाही. मूल "पाव जाय" (पाव हवा) म्हणालं तर "हो, पदेर (पाववाला) आला की गरम पाव घेऊ" असं त्याचंच वाक्य मोठं करून परत द्या. "नीट बोल" म्हणायची गरज नाही.

घराभोवती शब्द किती आहेत ते एका माडावर मोजून बघा. माड, नारळ, शहाळं, सोडण, करवंटी, खोबरं, काथ्या, झावळी, खराटा. यातली निम्मी नावं शहरातल्या मुलांना पुस्तकात पहिल्यांदा भेटतात, आपल्या मुलांना ती परसात भेटतात, जर कुणी बोलून दाखवली तर. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-फुलांची चौकट, बांधताना मुलांना बाजूला हाकलू नका. सुपारीचं शिपटं, कवंडळ, कांगणं, चिबूड, तोरिंग हे एकेक हातात द्या आणि विचारा: यातलं रानातलं कोणतं, परसातलं कोणतं? खायचं कोणतं आणि नुसतं बांधायचं कोणतं? कवंडळ किती सुंदर दिसतं, तरी का खात नाहीत? वर्गवारी करता येणं म्हणजे शब्द मनात नीट कप्प्यांत ठेवता येणं, आणि वाचताना तो चटकन हाताशी येणं.

मोबाइलविषयी थोडक्यात सांगते. त्यातली गाणी मुलं पाठ करतात, पण मोबाइल मुलाचं वाक्य मोठं करून परत देत नाही. तीन वर्षांच्या मुलाला लागतं ते देवाणघेवाणीचं बोलणं. ते माणूसच देऊ शकतं.

पायरी ४: गोष्ट सांगा, आणि गोष्ट विचारा

बोलण्याची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांत फरक असतो. बोलताना आपण "पाऊस आला, कपडे आत घे" म्हणतो. पुस्तकात असतं, 'पाऊस आल्यामुळे त्याला कपडे आत घ्यावे लागले.' जरी-तरी, म्हणून, त्यामुळे, तोपर्यंत, परंतु: ही छोटी माणसं वाक्यांची गाठ बांधतात. ज्या मुलाने ती कधी कानांनी ऐकलेली नाहीत, त्याला चौथीच्या धड्यात प्रत्येक शब्द येतो आणि वाक्य मात्र कळत नाही. ही भाषा गोष्टीतूनच येते. म्हणून रोज एक गोष्ट, आजीने सांगितलेली किंवा पुस्तकातून वाचलेली.

वाचून दाखवताना एक पद्धत पाळा. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली साधासा प्रयोग केला होता. काही आईवडिलांना चित्रांचं पुस्तक वाचताना मुलाला मोकळे प्रश्न विचारायला आणि त्याच्या उत्तरात भर घालायला शिकवलं, बाकीच्यांनी नेहमीसारखं वाचलं. महिन्याभरातच पहिल्या गटातली मुलं भाषेत पुढे गेली. पुस्तक तेच, वेळ तोच, फरक फक्त मुलाला बोलायला लावण्याचा.

तर चित्र दाखवून "हे काय आहे?" एवढ्यावर अडकू नका. "हा असा तोंड पाडून का बसलाय?" "मागीर कितें जातलें?" (मग काय होईल?) "तू असतीस तर काय केलं असतंस?" असं विचारा. उत्तर चुकलं तर चुकू द्या. "असंही होईल. बघूया पुढे" म्हणा आणि पान उलटा. तीच गोष्ट मूल वीस वेळा मागेल, वीस वेळा सांगा. दर वेळी त्याच्या हाती नवा शब्द लागतो. अकराव्या-बाराव्या वेळी ते आधीच पुढचं वाक्य म्हणू लागतं, तो दिवस खरा आनंदाचा.

गोष्ट संपली की मुलाकडून परत सांगून घ्या. माझ्या वर्गात मी चार गोटे ठेवते. पहिला गोटा म्हणजे कोण आणि कुठे, दुसरा म्हणजे काय अडचण आली, तिसरा म्हणजे मग काय केलं, चौथा म्हणजे शेवटी काय झालं. मूल गोट्यावर हात ठेवत ठेवत सांगतं. सुरुवातीला सगळी वाक्यं "आणि मग… आणि मग…" अशी येतात. काही आठवड्यांनी त्यात एखादा 'पण' येतो, मग 'म्हणून'. मी वहीत मुलांच्या नावापुढे हे पहिले 'पण' आणि 'म्हणून' लिहून ठेवते, तारखेसकट. माझ्या लेखी मुलाने पहिलं अक्षर गिरवलं त्याइतकीच ही मोठी घटना आहे.

पुस्तकं विकतच घ्यावी लागतात असं नाही. पणजीत पाटो इथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची परंपरा असलेलं, आणि त्यात मुलांसाठी वेगळा विभाग आहे. पणजीला कामाला गेलात तर मुलाला घेऊन तासभर तिथे बसा. गावात वाचनालय नसेल तर जुन्या दिनदर्शिकेतली चित्रं कापून शिवलेलं घरचं पुस्तकही चालतं. आमच्या वर्गातलं सगळ्यात फाटलेलं, म्हणजे सगळ्यात लाडकं पुस्तक तसलंच आहे.

पायरी ५: आवाजांशी खेळ

आता खरं तर वाचनाचा दरवाजा. शब्द हा अर्थाशिवाय आवाजांचाही बनलेला असतो, तो सुटा करता येतो, पुन्हा जोडता येतो, हे मुलाच्या ध्यानात आलं तर अक्षर शिकणं सोपं होतं. यासाठी पाटी-पेन्सिल लागत नाही. काळोखात, वीज गेल्यावरही खेळता येतं.

सुरुवात टाळ्यांनी. डि-चो-ली, तीन टाळ्या. के-पे, दोन. आमच्याकडे मुलं घुमटाचा, म्हणजे आमच्या मातीच्या वाद्याचा, ठेका जन्मतःच घेऊन येतात असं मला नेहमी वाटतं, त्यामुळे एखाद्या डब्यावर ठेका धरून नावं म्हणायला सांगा. फुगडीची गाणी घ्या; त्यांत यमक असतं आणि यमक म्हणजे शब्दाचा शेवट कानाने पकडणं.

इथे एक सावधगिरी आहे, नव्या बाईंची हमखास फसगत होते. 'कमळ'ला मूल दोन टाळ्या वाजवतं: क-मळ. बाई म्हणतात, चूक, तीन अक्षरं आहेत, क-म-ळ. पण मूल बरोबर आहे! बोलताना आपण दोनच तुकडे म्हणतो, लिहिताना तीन अक्षरं लिहितो. टाळ्यांचा खेळ कानाचा आहे, तिथे दोनच वाजू द्या. पुढे लिहायची वेळ येईल तेव्हा सांगा की म्हणताना दोन, पण पाटीवर तीन घरं. हा फरक उलगडून सांगितला नाही तर मुलाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडतो, आणि वाचायला शिकताना त्याच्याकडे दुसरं काय असतं?

मग पहिला आवाज. मी 'मा'ने सुरू होणारं काहीतरी पाहते आहे, ओळखा. गावांच्या भेंड्या तर अप्रतिम: पेडणे, 'ण'ला 'न' धरून नेत्रावळी, 'ळ'ला 'ल' धरून लोटली. मागच्या सीटवर बसून फोंड्याहून पणजीला जाईपर्यंत अख्खा गोवा होतो.

त्यानंतर काढाकाढी. 'दुकान'मधला 'दु' पळाला, काय उरलं? कान. 'विमान'मधला 'वि' पळाला? मान. 'कपाट'मधला 'क'? पाट. मुलं खिदळतात. ती खिदळली म्हणजे खेळ समजला. शेवटी अदलाबदल: कान, मान, पान, रान. आणि स्वर बदलून वाट, वीट. हे जमायला वेळ लागतो, घाई करू नका. आपल्या लिपीत एक अक्षर म्हणजे बहुधा एक व्यंजन आणि एक स्वर एकत्र, त्यामुळे मुलांना 'मा', 'की' असा अख्खा तुकडा आधी ऐकू येतो आणि त्यातला सुटा आवाज बराच नंतर. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली दाखवलं की अशा लिपीतली अक्षरं आणि सुट्या आवाजांची जाण पक्की व्हायला पहिलीनंतरही काही वर्षं जातात. म्हणून पहिलीच्या जूनमध्ये मुलाला जोडाक्षर येत नाही यावरून घरात रडारड नको.

पायरी ६: आता अक्षरं

यावर पुस्तकं भरपूर आहेत, मी चारच गोष्टी सांगते.

भिंतीवरचा तक्ता घरच्या बोलीशी ताडून पाहा. 'फ फणसाचा' असं लिहिलेलं असतं, आणि मूल चित्र पाहून म्हणतं "पणस". 'ड डोळ्याचा', मूल म्हणतं "दोळो". त्याच्या कानाने पाहिलं तर तक्ता खोटं बोलतो आहे. 'फ'ला फूल घ्या, 'ड'ला डबा. 'म'ला मगर चालेल, कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी आहेत हे सांगितलं की मुलं डोळे मोठे करून ऐकतात. पण मी माड घेते, कारण तो शब्द दोन्ही भाषांत एकच आहे आणि खिडकीतून दिसतो.

वर्णमालेच्या क्रमाने जाण्यापेक्षा थोडी अक्षरं घेऊन लगेच शब्द करा. म, न, क, र आणि काना, एवढ्यावर मान, कान, नाक, रान, काम, मका होतात. पहिल्या पंधरवड्यातच मुलाला 'मी वाचलं' असं वाटलं पाहिजे. शक्यतो दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द आधी.

ऱ्हस्व वेलांटी फसवी आहे. ती लिहायची अक्षराच्या आधी, म्हणायची नंतर. मूल 'कि' वाचताना गोंधळलं तर ते मठ्ठ नाही, लिपीच तशी आहे. तसंच 'च' आणि 'ज'चं. चहातला 'च' आणि चमच्यातला 'च' वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहिताना एकच, म्हणताना दोन. कोणता तो निवडायला शब्द आधीपासून माहीत असावा लागतो. बघा, इथेही बोलणंच मदतीला येतं.

आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन ओळीच्या ओळी गिरवून घेऊ नका. त्या वयात तो वेळ गोष्टीचा आहे.

पायरी ७: थांबू नये अशी चिन्हं

प्रत्येक मूल आपल्या गतीने बोलतं, हे खरंच आहे. तरी काही खुणा लक्षात ठेवा. दोन वर्षांचं होईपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि "आई ये", "दूध जाय" अशी दोन शब्दांची जोडणी यावी. तिसऱ्या वर्षी छोटी वाक्यं. चौथ्या वर्षी अनोळखी माणसालाही त्याचं बरंचसं बोलणं कळावं. दोन भाषांच्या घरात शब्द दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. 'उदक' आणि 'पाणी' दोन्ही येतात तर ते दोन शब्द. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हा समज काढून टाका, आणि त्यापायी घरची भाषा बंद करू नका.

'र' आणि 'ळ' हे आवाज उशिरा बसतात. चार वर्षांचं मूल रानाला 'लान' म्हणत असेल तर त्याला फरक ऐकू येतो का, ते पाहा. तुम्ही मुद्दाम 'लान' म्हणा. "लान न्हय, लान!" असं ते चिडून म्हणालं तर कान शाबूत आहे, जीभ यायची आहे. फरकच कळत नसेल किंवा बोलण्याबरोबर समजण्यातही अडचण असेल, साध्या दोन सूचना एकत्र सांगितल्या तर गोंधळ होत असेल, तर वाट पाहू नका. डोरोथी बिशप आणि कॅथरीन ॲडम्स यांच्या १९९० च्या अभ्यासात असं दिसलं की ज्या मुलांच्या भाषेतल्या अडचणी साडेपाच वर्षांपर्यंत सुटल्या, ती वाचायला बऱ्यापैकी नीट शिकली. ज्यांच्या तशाच राहिल्या, त्यांना वाचनही जड गेलं. म्हणून तीन ते पाच हा काळ मोलाचा आहे. "त्याचा बाबाही उशिरा बोलला" या वाक्याने तो वाया घालवू नका. घरात आधी कुणाला वाचन-लेखनाची अडचण होती का, तेही डॉक्टरांना सांगा, कारण ती काही प्रमाणात आनुवंशिक असते.

काही मुलं छान बोलतात, गोष्टीही रंगवून सांगतात, पण अक्षरं आणि आवाजांची सांगड त्यांना दुसरी-तिसरीतही बसत नाही. काहींचं उलट, त्या विहिरीच्या धड्यातल्या मुलीसारखं. पहिल्यांना पायरी ५ आणि ६ सावकाश, पुन्हा पुन्हा हव्यात. दुसऱ्यांना ३ आणि ४. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचे विकार व विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोन्हींचा समावेश आहे, त्यामुळे तपासणी करून घेण्यात कमीपणा नाही, उलट मुलाला परीक्षेत सवलती आणि वर्गात मदत मिळण्याचा तो मार्ग आहे.

स्पीच थेरपिस्टकडे जाताना नुसतं मूल घेऊन जाऊ नका. अनोळखी खोलीत ते गप्प बसतं आणि पंधरा मिनिटांत कुणालाच काही कळत नाही. आठवडाभर आधी मोबाइलवर घरचं बोलणं टिपून ठेवा: जेवताना, भावंडांशी भांडताना, आजीशी बोलताना, दोन-दोन मिनिटं. एका वहीत त्याचे शब्द लिहा, ते म्हणतं तसेच, कोकणी असतील तर कोकणी. शाळेच्या बाईंकडून चार ओळी लिहून घ्या. कानाच्या तपासणीचा कागद त्याच वहीत ठेवा.